त्यांना खेळताना बघायला हवं होतं: जुने बास्केटबॉलपटू, आणि नेमकं काय बघायचं

डावा_पाय (धागाकर्ता)

२ मार्च १९६२ ला पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात फिलाडेल्फियाच्या विल्ट चेंबरलेनने न्यूयॉर्कविरुद्ध एका सामन्यात १०० गुण केले. हॉलमध्ये ४,१२४ प्रेक्षक होते आणि टीव्हीचा कॅमेरा एकही नव्हता. त्या रात्रीचं आज आपल्या हाती आहे ते म्हणजे स्कोअरशीट, थोडे फोटो आणि चौथ्या क्वार्टरचं रेडिओ समालोचन. बाकी सगळं ऐकीव.

जुन्या खेळाडूंचा विषय निघाला की गाडी दोनच रुळांवरून धावते. "तेव्हा काय, समोर खेळायला कोण होतं?" किंवा "आताच्या पोरांना तेव्हाचा मार झेपला नसता." दोन्हीचा कंटाळा आलाय, म्हणून हा धागा.

अनुभव लिहा, पण "मी अमुक साली तमुक ठिकाणी" छापाचे नकोत. बघण्याचे अनुभव हवेत. ज्याच्या चित्रफिती तुम्ही पुन्हापुन्हा उगाळल्या आहेत असा एक खेळाडू घ्या. तो हातापायांनी नेमकं काय करायचा, ते जमायला काय लागतं, कुठे फसतं आणि एखादा तुकडा सापडलाच तर नजर कुठे ठेवायची, एवढं लिहा. नुसतं "बाप माणूस" लिहून जाऊ नये ही विनंती.

सहावा_गडी

बोस्टनचा बिल रसेल. १३ हंगामांत ११ विजेतेपदं हे सगळ्यांना पाठ असतं, त्याचा ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेत अडवणं) फार कमी जण नीट बघतात. ब्लॉक म्हणजे उंच उडी आणि जोरात थप्पड, असाच समज असतो. रसेलचं काम बरोबर उलटं होतं.

आधी हात. रसेल डावखुरा. समोरचा शूटर बहुतेक वेळा उजव्या हाताचा. दोघं समोरासमोर आले की रसेलचा डावा हात आपसूक त्या चेंडूसमोर येतो. उजव्या हाताच्या डिफेंडरला तोच चेंडू गाठायला हात समोरच्याच्या अंगावरून आडवा न्यावा लागतो आणि तिथेच शिट्टी वाजते.

मग उडी. चेंडू वर जात असतानाच त्याला हात लावता येतो. खाली यायला लागला की गोलटेंडिंग, बास्केट मान्य. म्हणजे हातातून सुटल्यापासून जेमतेम हातभर जागा मिळते. बहुतेक जण घाईने आधी उडतात, शूटर हूल देतो, हे हवेत आणि तो खालून निवांत ले-अप (रिंगजवळचा सोपा शॉट) घालतो. रसेल शूटरच्या हुलीला उडत नाही, चेंडूला उडतो. चित्रफीत थांबवून बघा: शूटरचे पाय सुटलेत आणि रसेलचे अजून जमिनीवर आहेत अशी एक फ्रेम बऱ्याचदा सापडते. ती फ्रेम म्हणजे रसेल.

शेवटी स्पर्श. बोटं वर, मनगट सैल. चेंडूला फटका नाही, नुसता थोपवायचा आणि आपल्या माणसाच्या दिशेने सोडायचा. चेंडू प्रेक्षकांत भिरकावला की टाळ्या पडतात खऱ्या, पण चेंडू त्यांचाच राहतो, बाजूच्या रेषेवरून पुन्हा खेळायला मिळतो. रसेलने थोपवलेला चेंडू त्याच्याच संघातल्या बॉब कूझीकडे जायचा आणि चार सेकंदांत पलीकडे बास्केट. दोन वाचले, दोन मिळाले, एका स्पर्शात चार गुणांचा फरक.

हे करून बघणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे हात वरून खाली आणणं. चेंडू लागला तरी मनगटावर फाउल जातोच. हात वर नेऊन तिथेच ठेवायचा, चेंडू हातावर येऊ द्यायचा.

१९६२ च्या अंतिम मालिकेचा सातवा सामना. १००-१०० वर लेकर्सच्या फ्रँक सेल्वीचा शेवटचा शॉट रिंगवरून परतला, तो रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) रसेलचा. ओव्हरटाइममध्ये बोस्टन ११०-१०७ ने जिंकलं. रसेलचे गुण ३०, रिबाउंड ४०. ब्लॉक किती ते कुणालाच माहीत नाही, कारण तेव्हा मोजतच नव्हते.

आकडेमोड

सहावा_गडी यांच्या शेवटच्या वाक्याला धरून. एनबीएत (अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक लीग) ब्लॉक आणि स्टील (समोरच्याचा चेंडू चोरणं) अधिकृतपणे मोजायला लागले १९७३-७४ पासून. रसेल १९६९ ला थांबला आणि चेंबरलेनचा शेवटचा हंगाम १९७२-७३. म्हणजे विल्ट निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी मोजणी सुरू! त्यामुळे एका सामन्यात सर्वाधिक ब्लॉकचा विक्रम एल्मोर स्मिथच्या नावावर आहे, १७. खोटा नाही, पण वहीच उशिरा उघडली.

जुने आकडे वाचायची रीत सांगतो. १९६१-६२ ला एक संघ एका सामन्यात सरासरी १०८ च्या आसपास शॉट मारायचा आणि त्यातले ४३ टक्के बसायचे. आताचा संघ ९० च्या आत-बाहेर शॉट मारतो आणि जास्त बसवतो. शॉट जास्त आणि चुकणारेही जास्त, म्हणजे रिबाउंडचा पाऊस. तेव्हा संघाला सामन्यात ७१ च्या घरात रिबाउंड मिळायचे, हल्ली ४३-४४. विल्टचे त्या हंगामातले २५.७ रिबाउंड म्हणजे ७१ मधले ३६ टक्के. तोच वाटा आजच्या ४४ वर लावला तर १६ च्या जवळपास येतो. ढोबळ हिशेब आहे, पण २५.७ ला हसणाऱ्यांना आणि त्याची पूजा करणाऱ्यांना, दोघांनाही लागू.

ऑस्कर रॉबर्टसनचंही तेच. त्याच १९६१-६२ ला त्याची सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट (ज्यावरून लगेच बास्केट होतं असे पास). रिबाउंड वरच्या पद्धतीने खाली आणा, ७-८ होतात. असिस्टला मात्र कात्री लावायची घाई करू नका. पास घेतल्यावर समोरच्याने एखादा ड्रिबल मारला (चेंडू जमिनीवर आपटला) की तेव्हाचे स्कोअरर हात आखडता घ्यायचे. एकीकडचं एकीकडे फिटतं.

एक आकडा मात्र कुठल्याही हिशेबाने खाली येत नाही. विल्टची त्या हंगामातली सरासरी ४८.५ मिनिटं. सामना ४८ मिनिटांचा असतो. ओव्हरटाइम धरून ८० सामन्यांत ३,८८२ मिनिटं. माणूस बसलाच नाही!

फळी_आणि_कडी

जॉर्ज मायकन. मिनियापोलिस लेकर्सचा ६ फूट १० इंची, जाड चष्म्याचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच गडी). याच्यासाठी मैदान बदललं. १९५१ पर्यंत रिंगखालची लेन (आखलेला पट्टा) फक्त ६ फूट रुंद होती. तीन सेकंदांच्या नियमात (लेनमध्ये त्याहून जास्त थांबायचं नाही) राहूनही मायकन रिंगपासून पावलाभरावर उभा राहायचा, चेंडू आला की वळून हुक (एका हाताने डोक्यावरून टाकलेला शॉट). १९५१ ला लेन १२ फूट केली. (पुढे १९६४ ला १६ फूट, ती विल्टमुळे.) चेंडू त्याच्या हाती जाऊच नये म्हणून २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेनने चेंडू नुसता धरून ठेवला आणि सामना १९-१८ ने जिंकला. लेकर्सच्या १८ पैकी १५ मायकनचे. असल्या सामन्यांना प्रेक्षक कंटाळले. १९५४ ला २४ सेकंदांचं शॉट क्लॉक आलं, तेवढ्या वेळात शॉट मारायलाच हवा. २४ च का? सिराक्यूसच्या डॅनी बियासोनचा हिशेब सरळ होता: रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून १२० शॉट मारतात, ४८ मिनिटं म्हणजे २,८८० सेकंद, भागिले १२०.

पण मायकनचं खरं देणं म्हणजे त्याच्या नावाचा ड्रिल. आजही जगभर घोटतात, आणि बहुतेक जण चुकीचा. बरोबर असा:

रिंगखाली, तिच्या मागच्या फळीकडे तोंड. डाव्या पायावर उडून उजव्या हाताने फळीवरच्या चौकोनाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात चेंडू ठेवायचा. जाळीतून खाली येणारा चेंडू जमिनीला लागायच्या आत दोन्ही हातांनी, हनुवटीच्या वर झेलायचा. झेलता झेलता उजवा पाय डाव्या बाजूला टाकायचा, त्याच पायावर उडून डाव्या हाताने वरच्या डाव्या कोपऱ्यात. पुन्हा उजवीकडे. ३० सेकंद थांबायचं नाही.

फसतं ते दोन ठिकाणी. झेललेला चेंडू कमरेपर्यंत खाली येतो, आणि सामन्यात तिथे कुणीतरी बुटका गार्ड (चेंडू खेळवणारा गडी) तो काढून घ्यायला टपलेलाच असतो. दुसरं म्हणजे दोन्ही पायांवर उतरून मग पाऊल टाकणं. तिथे ताल तुटतो, ३० सेकंदांत १५-१६ व्हायचे ते ९ वर अडतात. चेंडू वर, पाय हलते. संपलं.

बाराफुटी

फळी_आणि_कडी यांनी माझी वाट सोपी केली. करीम अब्दुल-जब्बारने लहानपणी हाच ड्रिल घोटला होता, त्याचा गाजलेला हुक शॉट, स्कायहूक, त्यातूनच निघाला. मला बघायचा आहे तो १९७० च्या दशकातला मिलवॉकीचा करीम, लेकर्समधला चाळिशीकडे झुकलेला नाही.

स्कायहूक म्हणजे लांब हाताचा माणूस हात वर करून चेंडू टाकतो, एवढंच वाटतं. तसं असतं तर प्रत्येक सात फुटी माणसाला आला असता.

रिंगकडे पाठ, लेनच्या डाव्या कडेला उभा. खांदा आणि मान बेसलाइनकडे (रिंगमागची मैदानाची शेवटची रेषा) झुकवून हूल. डिफेंडर किंचित सरकला की डावा पाय लेनच्या मध्याकडे. सगळं या पावलावर आहे: पंजा बेसलाइनला समांतर पडला पाहिजे. पडला की डावा खांदा आपोआप रिंगकडे रोखला जातो आणि डिफेंडर व चेंडू यांच्यामध्ये अख्ख्या देहाची रुंदी येते. उजवा गुडघा वर, डाव्या पायावर उडी. चेंडू उजव्या बाजूने, अंगाला धरून वर. हात सरळ झाल्यावर, उडीच्या टोकाला, फक्त मनगट आणि बोटं. डावा हात कोपरात दुमडलेला, कुंपणासारखा. त्याने ढकललं तर फाउल, नुसता असला तर चालतो.

चुका अशा. एक, हात बाजूने पवनचक्कीसारखा फिरवणं. मोठं वर्तुळ म्हणजे प्रत्येक वेळी चेंडू वेगळ्या जागी सुटणार. करीमचा चेंडू जवळजवळ लिफ्टसारखा सरळ वर जातो, वर्तुळ फक्त शेवटच्या हातभरात. दोन, पंजा रिंगकडे वळलेला पडणं. मग छाती उघडी होते, डिफेंडरला चेंडू दिसतो. तीन, नजर. पाठ असताना रिंग दिसत नाही. करीम वळता वळता खांद्यावरून रिंग पकडतो, चेंडू डोक्याच्या उंचीला यायच्या आत. उशिरा बघितलं की शॉट लांब जातो.

बघायचाच असेल तर १९७४ च्या अंतिम मालिकेचा सहावा सामना. दुसरा ओव्हरटाइम, शेवटचे ३ सेकंद, मिलवॉकी एका गुणाने मागे. नेहमीची जागा नाही, उजवीकडची बेसलाइन, रिंगपासून १५ फुटांच्या आसपास. तिथूनही पाऊल तेच, हात तोच. १०२-१०१. (सातवा सामना बोस्टनने घेतला, हेही लिहायलाच हवं.)

जाता जाता: १९६७ ते १९७६ अमेरिकेत कॉलेजच्या सामन्यांत डंकवर (चेंडू वरून रिंगमध्ये कोंबणं) बंदी होती. करीम तेव्हा यूसीएलए या कॉलेजात. दार बंद केलं म्हणून पठ्ठ्याने खिडकी मोठी केली.

खालून_फेक

फ्री थ्रोबद्दल (फाउलनंतर मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट) कुणी लिहिणार नाही, म्हणून मी. रिक बॅरी. दोन्ही हातांनी, खालून, आजीबाईसारखा. एनबीए कारकीर्द ९० टक्के. १९७८-७९ ला १६९ पैकी १६० बसले, म्हणजे अख्ख्या हंगामात ९ चुकले.

कृती: पाय खांद्याएवढे फाकलेले, चेंडू दोन्ही बाजूंनी बोटांत धरलेला, हात सैल लोंबते. गुडघे किंचित वाकवत चेंडू दोन मांड्यांच्या मध्ये, मग सरळ होत हात वर, आणि छातीच्या उंचीला दोन्ही मनगटं एकदम वर झटकायची. त्या झटक्याने चेंडूला उलटी फिरकी मिळते. झटका विसरला तर चेंडू नुसता धोंड्यासारखा जातो. दोन्ही हात सारखे चालल्याने चेंडू डावीउजवीकडे फारसा जात नाही, चूक झालीच तर लांबीत होते. आणि तो इतका मऊ उतरतो की रिंगला लागूनही आत घरंगळतो.

विल्टने १९६१-६२ ला हेच केलं, ६१.३ टक्के, त्याच्या कारकिर्दीतलं सर्वोत्तम. हर्शीच्या रात्री ३२ पैकी २८! नंतर बायकी दिसतं म्हणून सोडलं. १९६७-६८ ला ३८ टक्के. लाज किती महाग पडते याचा एवढा स्वच्छ हिशेब दुसरीकडे मिळायचा नाही.

टाचेवर_ब्रेक

@खालून_फेक, शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवतो.

माझा खेळाडू बॉब कूझी. त्याच्या चित्रफिती बघून लोक हसतात: "हा बघा, एकाच हाताने टप टप करतोय." नियम माहीत नसला की असं होतं. ड्रिबल करताना हात चेंडूच्या वर हवा, बाजूने किंवा खालून चेंडू तोलला की शिट्टी. हा नियम आजही पुस्तकात आहे, तेव्हा तो पाळायला लावायचे. आताच्या क्रॉसओव्हरमध्ये (चेंडू झटकन एका हाताकडून दुसऱ्याकडे) हात चेंडूच्या बाजूला जाऊन क्षणभर तो तोलून धरतो, त्या क्षणात डिफेंडर फसतो. कूझीकडे तो क्षण नव्हता. त्याने मग पाठीमागून ड्रिबल आणि न बघता पास यांतून तो क्षण मिळवला. घरी करून बघा: हात पूर्ण वर ठेवून, चेंडू न तोलता, धावत पाच पावलं जा आणि दिशा बदला. चेंडू पायावर आपटतो.

लागोपाठ आठ हंगाम असिस्टमध्ये पहिला. आणि १९५३ च्या प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) सिराक्यूसविरुद्ध चार ओव्हरटाइम, ५० गुण, त्यातले ३० फ्री थ्रोचे (३२ पैकी). शॉट क्लॉक यायच्या आधीचा सामना. शेवटाकडे चेंडू कूझीकडे ठेवायचा आणि समोरच्यांनी फाउल करत बसायचं, असा सगळा मामला. बघायला भिकार असणार, पण बघायला आवडलं असतं.

सुटे_पैसे

जेरी वेस्टचा १९७० चा अंतिम मालिकेतला ६० फुटी शॉट, तीन गुणांचा होऊन लेकर्स तिथेच जिंकायला हवे होते ना?

आकडेमोड

@सुटे_पैसे, तीनची रेषा (तिच्या पलीकडून बसलेल्या शॉटला तीन गुण) एनबीएत आली १९७९-८० ला. आधी ती एबीए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये होती. २९ एप्रिल १९७० ला त्या शॉटचे दोनच मिळाले, बरोबरी झाली आणि ओव्हरटाइममध्ये न्यूयॉर्क १११-१०८. वेस्टचं नशीबच तसं. आदल्या वर्षी हरलेल्या संघात असूनही अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच. असं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला अजून आलेलं नाही.

त्याच संघातला एल्जिन बेलर तर आणखी. १९६१-६२ ला लष्कराच्या राखीव दलात नोकरी, रजा मिळेल तसा येऊन खेळायचा. ४८ सामने, सरासरी ३८.३. अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात बोस्टनविरुद्ध, म्हणजे रसेलविरुद्ध, ६१ गुण आणि २२ रिबाउंड. विजेतेपद मात्र कधीच नाही.

उतरायच्या_आत

बिल वॉल्टन, १९७७ चा पोर्टलंड. पायांची हाडं धड होती तो काळ.

त्याचा रिबाउंड बघू नका, रिबाउंडनंतरचं अर्धं सेकंद बघा. साधारण सेंटर काय करतो? चेंडू पकडतो, दोन पायांवर उतरतो, चेंडू पोटाशी घेतो, इकडेतिकडे बघतो, मग जवळच्या गार्डला देतो. तोवर समोरचे पाचही जण परत गेलेले असतात. वॉल्टन चेंडू डोक्यावर पकडतो आणि हवेतच कंबर वळवतो. रिबाउंड ज्या बाजूला, त्याच बाजूच्या रेषेकडे, कारण मधून पास दिला तर वाटेत चोरला जातो. उतरतो तेव्हा छाती मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे असते आणि चेंडू अजून डोक्यावरच. दोन्ही हातांनी, मनगटाच्या झटक्याने, ३०-४० फूट. चेंडू खाली येतच नाही.

हे जमायला उडी लागत नाही, आधी बघितलेलं असावं लागतं. शॉट हवेत असताना वॉल्टन एकदा मान वळवून आपला गार्ड कुठे आहे ते टिपतो. चित्रफितीत नजर तिथे ठेवा. शिकणारे चेंडू मिळाल्यावर मान वळवतात, म्हणून उशीर होतो.

अंतिम मालिकेचा सहावा सामना: २० गुण, २३ रिबाउंड, ७ असिस्ट, ८ ब्लॉक. १०९-१०७. (कॉलेजात असताना १९७३ च्या अंतिम सामन्यात २२ पैकी २१ शॉट बसवले होते. तो प्रकार वेगळाच.)

निळा_पांढरा_लाल

ज्युलियस अर्व्हिंग, पण एबीएतला. १९६७ ते १९७६ चालली ती लीग. राष्ट्रीय टीव्ही जवळजवळ नाही, म्हणून त्याची उमेदीची वर्षं तुकड्यातुकड्यांनीच उरली आहेत. एनबीएत आला तेव्हा गुडघे दुखायला लागले होते, आणि तरी आपण त्याच अर्व्हिंगवर खूश आहोत!

११ मे १९८० चा, अंतिम मालिकेतला तुकडा सगळ्यांनी बघितलाय, पण बघताना चेंडूऐवजी उडी कुठून घेतली ते बघा. उजव्या बेसलाइनने लँड्सबर्गरला मागे टाकून उडी, आणि समोर करीम हात वर करून हजर. रस्ता बंद. अर्व्हिंग चेंडू उजव्या हातात तसाच पकडून फळीच्या मागून जातो, पलीकडे निघतो आणि हात परत आत आणून खालून चेंडू फळीवर टेकवतो. तळहात एवढा मोठा की चेंडू एका हातात संत्र्यासारखा बसतो. हे नसेल तर पहिल्या अर्ध्या वळणात चेंडू निसटतो. म्हणून याची नक्कल करणारे दोन हात लावतात आणि मग हात परत आत आणायला जागा उरत नाही.

एक_बोट

लहानसाच. ९ एप्रिल १९७८, हंगामाचा शेवटचा दिवस. दुपारी डेव्हिड थॉम्पसनचे ७३. रात्री जॉर्ज गर्विनला हंगामाच्या सरासरी गुणांत पहिला यायला ५८ हवेत, त्याने ६३ केले, त्यातले ३३ दुसऱ्या क्वार्टरमध्ये. सरासरी २७.२२ विरुद्ध २७.१५. आकड्यांपेक्षा गर्विनचा फिंगर रोल बघा: तळहात वर, चेंडू ढकलायचा नाही, तळव्यावरून बोटांवर घरंगळू द्यायचा, मधली बोटं शेवटी सुटतात. सगळे रिंगजवळ करतात, हा ८-१० फुटांवरून करायचा. लांबून करताना मनगट घट्ट झालं की चेंडू सपाट जातो आणि रिंगच्या पुढच्या कडेवर मरतो.

पलीकडचा

सगळे अमेरिकेतलेच? आर्विदास साबोनिस. लिथुआनियाचा, २.२१ मीटर. १९८६ ला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) पोर्टलंडने २४ व्या क्रमांकावर निवडला, प्रत्यक्ष तिथे पोचला १९९५ ला. मधे टाचेचे स्नायुबंध दोनदा गेले. एनबीएने बघितला तो जड पावलांनी चालणारा, तरीही सगळ्यांच्या डोक्यावरून पास देणारा म्हातारा. आधीचा साबोनिस धावायचा. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिक उपांत्य फेरीत सोव्हिएत संघाने अमेरिकेला ८२-७६ हरवलं, तेव्हाही तो दुखापतीतून नुकताच उठला होता. फ्री थ्रो रेषेपाशी रिंगकडे पाठ करून त्याने दिलेले पास बघा. चेंडू डोक्यावर एका हातात, मागून कुणी रिंगकडे कापलं की नुसतं मनगट. कापणाऱ्याने हात वर केलेला नसला तर चेंडू नाकावर.

लेन_१२

एकही बाई आली नाही अजून. लूसिया हॅरिस, डेल्टा स्टेट, मिसिसिपी. ६ फूट ३ इंच. १९७५ ते ७७ लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं. महिलांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला १९७६ ला, माँट्रियलला, आणि त्यातलं पहिलं बास्केट तिचं. १९७७ ला पुरुषांच्या एनबीएतल्या न्यू ऑर्लीन्स जॅझने ड्राफ्टच्या सातव्या फेरीत तिची निवड केली. ती गरोदर होती, गेली नाही.

नजर ठेवायची ती तिच्या बसण्यावर. पोस्टमध्ये (रिंगजवळ, तिच्याकडे पाठ करून उभं राहायची जागा) ती आधी मांड्यांनी जागा घेते, डिफेंडरच्या मांडीवर जवळजवळ बसते, मग हात दाखवते. उलट क्रमाने केलं, म्हणजे आधी हात आणि मग जागा, तर पास यायच्या आत डिफेंडर पुढून येतो.

सोळा_एमएम

चित्रफिती बघणाऱ्यांसाठी एक तपासणी. "ते किती झटके देत पळायचे" असं वाटतं, त्यात कधीकधी दोष खेळाडूचा नसून फीत चुकीच्या वेगाने उतरवल्याचा असतो. रिंग जमिनीपासून १० फुटांवर. रिंगवर रेंगाळून बाहेर पडलेला चेंडू शोधा. तिथून जमिनीपर्यंत यायला ०.८ सेकंद लागतात, १९५० असो वा आज. ३० फ्रेमच्या व्हिडिओत साधारण २४ फ्रेम. १७-१८ मध्येच खाली आला तर तुम्ही पळवलेली फीत बघताय, वेग पाऊणपट करून पुन्हा बघा. मायकनसुद्धा माणसासारखा चालायला लागतो.

आणि क्षणचित्रं नकोत. एक पूर्ण क्वार्टर घ्या, चेंडू सोडून एकाच माणसाकडे बघा.

डावा_पाय

भरपूर मिळालं, आभार. हर्शीचं राहिलं होतं, ते टाकतो. चौथ्या क्वार्टरचं ध्वनिमुद्रण ऐकताना हा हिशेब समोर ठेवा: पहिल्या क्वार्टरला २३, मध्यंतराला ४१, तिसऱ्यानंतर ६९. म्हणजे तुम्ही शेवटचे ३१ ऐकताय. न्यूयॉर्कवाले चेंडू विल्टकडे जाऊ नये म्हणून फिलाडेल्फियाच्या बाकी खेळाडूंना मुद्दाम फाउल करतात. फिलाडेल्फियावाले चेंडू लवकर परत मिळावा म्हणून न्यूयॉर्कला फाउल करतात. समालोचनात एवढे फ्री थ्रो का येतात ते यावरून कळेल. १०० वा गुण ४६ सेकंद बाकी असताना.

विल्ट: ६३ पैकी ३६ शॉट, ३२ पैकी २८ फ्री थ्रो. गाय रॉजर्सचे २० असिस्ट. आणि स्कोअरशीटवर खाली एक नाव आहे, अल अॅटल्स. ८ शॉट, ८ बसले. १ फ्री थ्रो, तोही बसला. त्या रात्री एकही न चुकलेला माणूस तोच.